ओल्या कपड्यांतलं पाणी जातं कुठे?

आषाढी एकादशीला जुना जालन्यात आनंदीस्वामींची पालखी निघते, त्या सुमारास घरोघरी एकच तक्रार ऐकू येते: ‘तीन दिवस झाले, कपडे वाळंनात.’ गच्चीवर दोरी असते, पण आभाळाचा भरवसा नसतो. बोळातल्या घरांना ऊन तसंही तिरपंच मिळतं. मग खोलीत दोऱ्या बांधल्या जातात, खुर्च्यांच्या पाठींवर बनियन चढतात आणि शाळेचा गणवेश सकाळी इस्त्री दाबून दाबून वाळवला जातो. घरात तान्हं बाळ असेल तर विचारूच नका. अशा वेळी कुणीतरी म्हणतं, ड्रायर घेऊन टाकू. त्यावर दुसरा प्रश्न बहुधा आजीकडून येतो: ‘त्या मशीनमधी कपडे जळत तर नाहीत ना?’

आजीच्या प्रश्नाचं खरं उत्तर ‘कधी कधी जळतात’ असं आहे. का जळतात हे समजायला आधी कपडे वाळतात कसे ते पाहावं लागेल. कारण फुगलेलं बिल, दमट राहिलेला टॉवेल आणि मशीनला लागलेली आग या तिन्हींचं मूळ बहुतेक वेळा एकाच जागी सापडतं. हवेची वाट कुठेतरी अडलेली असते.

१. कोणत्या ड्रायरबद्दल बोलतोय?

‘आमच्याकडे ड्रायर आहे’ असं सांगणाऱ्या बहुतेक घरांत असतो तो सेमी-ऑटोमॅटिक वॉशिंग मशीनचा दुसरा, छोटा टब. तो मिनिटाला हजारावर फेरे घेतो आणि कपड्यांतलं पाणी जाळीच्या भोकांतून बाहेर फेकतो. त्यात हीटर नसतो. कपडे निथळून निघतात, पण ओलसरच राहतात. या टबाला आपण स्पिनर म्हणू. फुल्ली ऑटोमॅटिक टॉप-लोड मशीनवर ‘एअर ड्राय’ असं बटण असतं, तेही बहुधा याच जातीचं: जास्त वेळ फिरवणं आणि आत थोडी हवा घेणं.

टंबल ड्रायरची गोष्ट वेगळी. त्याचा आडवा ड्रम सावकाश, मिनिटाला पन्नासेक फेरे घेतो. कपडे वर उचलले जातात, खाली पडतात, पुन्हा उचलले जातात. पंखा हीटरवरून आलेली गरम हवा त्यांच्यातून ढकलतो. ओली झालेली हवा नळीवाटे घराबाहेर जाते, किंवा मशीनच्या आतच थंड करून तिच्यातलं पाणी काढलं जातं. या प्रकरणाचा विषय हाच ड्रायर आहे.

तरी स्पिनरबद्दल दोन वाक्यं लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही, कारण घराघरांत आहे तो तोच. झाकण उघडल्याबरोबर टबाचा ब्रेक लागून तो काही सेकंदांत थांबला पाहिजे. ब्रेक झिजला की टब घरंगळत राहतो, आपला हात सवयीने आत जातो आणि एखादी ओढणी किंवा साडीचं टोक बोटांभोवती गुंडाळलं जातं. बोटं, मनगट मोडण्याइतका जोर त्या टबात असतो. ब्रेक दुरुस्त करायला फार खर्च येत नाही; तो तसाच ठेवून ‘जरा थांबून हात घालायचा’ असं मुलांना शिकवणं हा काही उपाय नव्हे.

२. हवेचा टँकर

कपडा वाळतो म्हणजे त्यातलं पाणी वाफ होऊन हवेत जातं. त्यासाठी पाणी उकळावं लागत नाही. साध्या तापमानालाही पाण्याचे कण सुटत राहतात. पण त्यांना घेऊन जायला हवेत जागा हवी. जालन्याच्या माणसाला हे टँकरच्या भाषेत पटकन कळेल. गल्लीत आलेला टँकर आधीच भरलेला असेल, तर तुमच्या हौदातलं पाणी तो उपसून नेणार कसा?

मे महिन्यातली दुपार घ्या. तापमान ४१ अंश, आर्द्रता २० टक्के. त्या तापमानाला एक घनमीटर हवा जास्तीत जास्त सुमारे ५४ ग्रॅम वाफ सामावते. प्रत्यक्षात तिच्यात ११ ग्रॅमच असते. म्हणजे टँकर जवळजवळ रिकामा आहे, ४० ग्रॅमहून जास्त जागा शिल्लक आहे. चादर तासाभरात कडक होते ती यामुळे.

आता ऑगस्टमधला झडीचा दिवस. तापमान २६ अंश, आर्द्रता ८५ टक्के. या हवेत एकूण जागाच २४ ग्रॅमची आणि त्यातली २१ आधीच भरलेली. उरली तीन-साडेतीन ग्रॅम. रत्नागिरीच्या मानाने जालन्याचा पाऊस किरकोळ, वर्षाला साधारण साडेसहाशे ते सातशे मिलिमीटर. पण दोरीवरच्या शर्टाला मिलिमीटरशी घेणंदेणं नसतं, त्याला हवेतल्या रिकाम्या जागेशी असतं.

हीच पावसाळी हवा ६० अंशांपर्यंत तापवली तर काय होतं? तिच्यातली वाफ वाढत नाही, पण एका घनमीटरमध्ये मावणारी वाफ १३० ग्रॅमपर्यंत जाते. शंभर ग्रॅमहून जास्त जागा तयार झाली. पाणी सुटताना हवा पुन्हा थोडी गार होते, म्हणून ती सगळी जागा वापरली जात नाही. तरी फरक उघड आहे. हीटरचं काम टँकर मोठा करण्याचं आणि पंख्याचं काम भरलेला टँकर हाकलून रिकामा आणण्याचं. पंखा थांबला किंवा वाट तुंबली की भरलेला टँकर दारातच उभा राहतो. हीटर मात्र तापतच राहतो. हे वाक्य लक्षात ठेवा, आगीची गोष्ट इथूनच सुरू होते.

एक उपयोग ड्रायर न घेणाऱ्यांसाठीही आहे. कपड्याला चिकटून असलेला हवेचा पातळ थर आधी भरतो आणि तिथेच अडून राहतो. छताचा पंखा तो थर सतत हलवतो. म्हणून बंद खोलीत दाटीवाटीने टांगलेल्या कपड्यांपेक्षा दोन खिडक्या उघड्या ठेवून, कपड्या-कपड्यांत वीतभर अंतर सोडून, पंख्याखाली टांगलेले कपडे पावसातही कितीतरी लवकर वाळतात.

३. एका लिटरची किंमत

पाण्याची वाफ करायला ऊर्जा लागते, आणि ती भरपूर लागते. एक लिटर पाणी कपड्यातून हवेत घालवायचं तर निसर्गनियमाने सुमारे ०.६८ युनिट इतकी उष्णता लागेल. यंत्रात गळती होते, बॉडी तापते, गरम हवा वाया जाते. म्हणून साध्या हीटरच्या ड्रायरला एका लिटरमागे ०.९ युनिट धरलेलं बरं.

उदाहरण करून पाहू. चार किलो सुती कपडे आहेत: दोन टॉवेल, एक चादर, काही शर्ट. हाताने पिळले तर साधारण त्यांच्या वजनाइतकं पाणी त्यांच्यात उरतं, म्हणजे चार लिटर. तेच जोरकस स्पिनरमधून काढले तर उरतं अंदाजे ६० टक्के, म्हणजे २.४ लिटर. पहिल्या ढिगाला ड्रायरमध्ये ३.६ युनिट लागतील, दुसऱ्याला २.२. मधलं १.६ लिटर पाणी स्पिनरने काढलं, त्याला किती वीज लागली? ३६० वॉटची मोटर पाच मिनिटं, म्हणजे ०.०३ युनिट.

पाणी फेकून देणं स्वस्त, उडवून लावणं महाग. ड्रायरच्या बिलावरचा सगळ्यात मोठा उपाय ड्रायरमध्ये नसून स्पिनरमध्ये आहे. घरी बॅग तोलायचा हुकाचा काटा असेल तर कपडे धुण्याआधी आणि पिळल्यानंतर तोलून बघा; स्वतःच्या मशीनचा आकडा लगेच हाती येतो.

महावितरणचा घरगुती दर टप्प्यांनी वाढतो. १०० आणि ३०० युनिटांचे उंबरे सगळ्यांना पाठ आहेत. महिन्यात वीस वेळा ड्रायर लावला तर वर काढलेल्या हिशेबाने ४४ युनिट वाढतात. ऐंशी युनिटांत भागणारं घर त्यामुळे पुढच्या टप्प्यात जातं. हीट पंपाचा ड्रायर (त्याची ओळख पुढच्या भागात येईल) याच कामाला निम्मी किंवा त्याहूनही कमी वीज घेतो, पण विकत घेताना महाग पडतो आणि वेळही जास्त लावतो.

माझं मत विचाराल तर जुना जालन्यातल्या बहुतेक घरांना चांगला स्पिनर आणि मोकळा पंखा पुरतो. वर्षातले आठ-नऊ महिने आपल्याकडचं ऊन फुकटात जे काम करतं, त्यासाठी मशीन फिरवण्यात अर्थ नाही. ज्यांच्या घरी तान्हं बाळ आहे, अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे, गच्चीच नाही किंवा बाहेरच्या धुळीचा दम्याला त्रास होतो, त्यांची गोष्ट निराळी. धूळ हे इथलं लहान कारण नाही. राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमातल्या, हवेची ठरवलेली पातळी न गाठणाऱ्या शहरांच्या यादीत जालन्याचं नाव आहे.

४. शेगडीपासून ड्रमपर्यंत

बाळंतिणीच्या खोलीतली निखाऱ्याची शेगडी आठवते का? तिच्यावर वेताची टोपली पालथी घालायची आणि टोपलीवर बाळाची दुपटी, लंगोट पसरायचे. कपडे वाळायचे, उबदार व्हायचे, वर ओव्याच्या धुरीचा वासही लागायचा. गंमत म्हणजे युरोपातला पहिला ड्रायर जवळजवळ हाच होता. १८०० सालाच्या आसपास पोशाँ नावाच्या फ्रेंच माणसाने भोकं पाडलेला धातूचा ड्रम विस्तवावर हाताने फिरवायची युक्ती काढली. कपड्यांना धुराचा वास यायचा, काजळी लागायची, कधी कपडे पेटायचेही.

विजेवरचा ड्रायर घडवणाऱ्यांत अमेरिकेच्या नॉर्थ डकोटा राज्यातल्या जे. रॉस मूर यांचं नाव घेतलं जातं. तिथल्या कडाक्याच्या थंडीत आईला बाहेर कपडे वाळत घालावे लागू नयेत, हा त्यांचा हेतू. हॅमिल्टन कंपनीने १९३८ मध्ये ते मशीन बाजारात आणलं ‘जून डे’ या नावाने, म्हणजे जूनमधल्या उन्हाचा दिवस घरातच. हे नाव जालन्यात कुणी ठेवलं नसतं. आपल्या जूनमध्येच तर कपडे वाळायचे थांबतात.

शेगडीची पद्धत आज बंद खोलीत मुळीच नको. जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो. त्याला वास नसतो, रंग नसतो, आणि बाळंतिणीच्या खोलीची दारं-खिडक्या तर मुद्दाम लावलेली असतात. गॅसच्या शेगडीवर दोरी बांधून कपडे वाळवणंही तसंच. दोरीवरून घसरलेला एक रुमाल पुरतो.

आजच्या ड्रायरांचे तीन प्रकार आहेत. व्हेंटेड ड्रायर ओली हवा नळीतून घराबाहेर सोडतो. कंडेन्सर ड्रायर तिच्यातलं पाणी गाळून टाकीत साठवतो. हीट पंप ड्रायर फ्रिजच्या तत्त्वावर चालतो: एका बाजूला हवा थंड करून पाणी काढायचं आणि काढून घेतलेली उष्णता दुसऱ्या बाजूने त्याच हवेला परत द्यायची. त्याची हवा तुलनेने कमी तापते, म्हणून कपड्यांना तो सौम्य असतो.

व्हेंटेड घ्यायचा तर बाहेर उघडणारी भिंत हवी. नळी आखूड, कमी वळणांची, शक्यतो धातूची. प्लास्टिकच्या चुणीदार नळीत प्रत्येक चुणीत कचरा साठतो, आणि आग लागली तर ती नळीही जळते. नळीचं तोंड बाथरूममध्ये किंवा जिन्याखाली सोडून भागत नाही, कारण मग भरलेला टँकर घरातच रिकामा होतो आणि पावसाळ्यात भिंतींना बुरशी धरते. दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. व्हेंटेड ड्रायर खोलीतली हवा सतत ओढून बाहेर टाकतो. ज्या बंद बाथरूममध्ये गॅस गीझर आहे, तिथे किंवा त्याला लागून हा ड्रायर ठेवला तर गीझरचा धूर बाहेर जाण्याऐवजी आत ओढला जाऊ शकतो. गॅस गीझर असलेल्या बाथरूममध्ये ड्रायर ठेवायचाच नाही.

५. जाळीवरचा कापूस

ड्रायरचं पहिलं आवर्तन संपल्यावर दारातली किंवा दाराजवळची जाळी बाहेर ओढली की तिच्यावर मऊ करडा थर दिसतो. तो कापूसच आहे, तुमच्याच टॉवेलांतून निघालेले तंतू. मशीनच्या पुस्तिकेत याला लिंट म्हणतात.

कापसाच्या पट्ट्यातल्या माणसाला यातला धोका वेगळा समजवायला नको. जिनिंगच्या आवारात बिडी पेटवू देत नाहीत, यंत्राचा खिळा घासून ठिणगी उडाली तरी धावपळ होते. घट्ट दाबलेली गाठ चटकन पेटत नाही, पण मोकळी रुई क्षणात भडकते, कारण तिच्या प्रत्येक तंतूभोवती हवा असते. ड्रायरच्या आतही अशीच मोकळी रुई, आणि तिच्यापासून थोड्याच अंतरावर लाल होणारं हीटरचं वेटोळं.

जाळी भरली की एकाच वेळी दोन गोष्टी घडतात. हवा कमी वाहते, म्हणून हीटरची उष्णता वाहून न्यायला कुणी उरत नाही आणि आतलं तापमान चढतं. शिवाय जाळीला चुकवून गेलेले तंतू आतल्या कोपऱ्यांत साठतात. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २००८ ते २०१० या वर्षांचा अभ्यास केला, तेव्हा घरगुती ड्रायरच्या वर्षाला सुमारे २,९०० आगी मोजल्या गेल्या. कारणांत सगळ्यात वर होतं मशीन साफ न करणं, ३४ टक्के.

दोष नेहमी वापरणाऱ्याचाच असतो असंही नाही. १९ ऑगस्ट २०१६ रोजी लंडनच्या शेफर्ड्स बुश भागातल्या अठरा मजली इमारतीत आग लागली, ती इंडेसिट बनावटीच्या एका टंबल ड्रायरपासून. सुदैवाने कुणी दगावलं नाही. जादा तंतू हीटरपर्यंत पोचतात हा दोष इंडेसिट ज्या कंपनी-समूहात होतं त्याच्या लाखो ड्रायरांत असल्याचं कंपनीने आधीच्या वर्षीच जाहीर केलं होतं. दुरुस्तीची वाट पाहणाऱ्या ग्राहकांना तोपर्यंत लक्ष ठेवून वापरा, असं सांगितलं जात होतं. पुढे २०१९ मध्ये दुरुस्त न झालेली मशीनं परत मागवावी लागली. म्हणून मशीन घेतल्यावर त्याची कंपनीकडे नोंद करून ठेवा. परत मागवायची वेळ आली तर त्यांना तुमचा फोन नंबर सापडला पाहिजे.

जाळी दर वेळी, न चुकता साफ करायची. हाताने थर निघतो, त्याला मिनिटही लागत नाही. महिन्यातून एकदा जाळी नळाखाली धरून बघा. पाणी सरळ खाली गेलं तर ठीक. जाळीवर साचून राहिलं तर फॅब्रिक कंडिशनरचा पातळ, न दिसणारा लेप बसला आहे. मऊ ब्रशने, थोड्या साबणाने धुवा आणि पूर्ण वाळल्यावरच परत बसवा. जाळी फाटली तर नवी आणा. जाळीशिवाय एकदासुद्धा चालवायचा नाही. कंडेन्सर ड्रायरच्या खालच्या भागात पत्र्यांच्या चकत्यांचा ठोकळा असतो, तोही पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे काढून धुवावा लागतो. अनेकांना तो तिथे आहे हेच ठाऊक नसतं.

६. करडईचं तेल आणि मधेच गेलेली लाइट

आता अशी आग, जिला ठिणगी लागतच नाही.

काही तेलं हवेतला ऑक्सिजन घेतात आणि तो घेताना उष्णता सोडतात. जवसाचं तेल यात सगळ्यात पुढे, म्हणून तर ते रंगात घालतात: लाकडावर लावलं की वाळून घट्ट पडदा तयार होतो. करडईचं तेल फार मागे नाही. सूर्यफूल, सोयाबीन मधले. खोबरेल आणि एरंडेल बरेच शांत. मराठवाड्यातल्या स्वयंपाकघरात करडईचं तेल पिढ्यान्‌पिढ्या आहे; डबे पुसायची फडकी त्यातच भिजलेली असतात.

फडकं दोरीवर पसरलेलं असेल तर ही उष्णता हवेत विरून जाते, कळतही नाही. पण तेच फडकं धुऊनही पुरतं न निघालेल्या तेलासकट ड्रायरमध्ये तापलं आणि गरमागरम ढिगात घडी घालून ठेवलं, तर ढिगाच्या पोटातली उष्णता बाहेर पडत नाही. तापमान वाढतं, म्हणून तेल आणखी वेगाने ऑक्सिजन घेतं, म्हणून तापमान आणखी वाढतं. तास-दोन तासांनी ढीग धुमसायला लागतो. मशीन तोवर कधीच बंद झालेलं असतं.

त्यामुळे स्वयंपाकघरातली तेलकट फडकी, तेल-मालिशचे टॉवेल आणि स्टीलच्या रोलिंग मिलमध्ये किंवा गॅरेजमध्ये काम करणाऱ्याचे ग्रीस लागलेले कपडे ड्रायरमध्ये घालायचे नाहीत. एकदा धुतले म्हणजे झालं, असं नाही. सुती धाग्यात तेल चिवटपणे राहतं. वास येत असेल तर तेल आहे. पेट्रोल, रॉकेल, थिनर लागलेलं कापड तर धुऊनही नको, त्याची वाफच पेटते.

ड्रायरच्या कार्यक्रमात शेवटची काही मिनिटं हीटर बंद आणि पंखा चालू असतो. कपडे गार करण्यासाठीची ती वेळ आहे. घाईत मधेच दार उघडून कपडे काढले तर लगेच पसरून ठेवा, ढीग करू नका. जालन्यात ही वेळ आपल्या घाईने येते त्यापेक्षा लाइट गेल्याने जास्त येते. ड्रम गरम, कपडे गरम, हवा थांबलेली. लाइट गेली की मुख्य बटण बंद करा, दार उघडा, कपडे काढून पलंगावर पसरा. नेहमीच्या घरगुती इन्व्हर्टरवर ड्रायर चालत नाही. दोन हजार वॉटचा भार त्याच्या आवाक्याबाहेरचा आहे. लाइट परत आली की पहिली काही मिनिटं थांबा, कारण तेव्हा दाब वर-खाली होत असतो.

तेलाशिवाय आणखी काही नकोसे पाहुणे. फोमची उशी आणि रबरी पाठीचं पायपुसणं स्वतःच उष्णता धरून ठेवतात. बाळाचा रबरी कपडा वितळतो. गोधडी आत कधीच वाळत नाही. वरचा थर कोरडा लागतो, पोटात ओल राहते आणि ड्रमवर तिचं वजन एकाच बाजूला येतं. पैठणीचं नाव काढायचीही गरज नाही. आणि खिसे तपासा: काडेपेटी, लायटर, चुन्याची डबी, तंबाखूची पुडी. पुडीमुळे आग नाही लागली तरी बाकीच्या कपड्यांचं काय होतं, ते एकदा झालेल्या घराला विचारा.

७. वायरमनला काय सांगायचं

साध्या हीटरचा ड्रायर २,२०० वॉटचा धरू. २३० व्होल्टला भागला की ९.६ अँपिअर. मोबाइल-पंख्याचं लहान सॉकेट ६ अँपिअरचं असतं. म्हणजे ड्रायरला १६ अँपिअरचं मोठं तीन पिनी सॉकेट हवं, मुख्य बोर्डापासून स्वतंत्र ओढलेली किमान अडीच एमएमची तांब्याची वायर हवी आणि त्या वायरला स्वतःचा एमसीबी. एक्स्टेन्शन बोर्ड अजिबात नको. अर्ध्या तासाने प्लगला हात लावून बघा. चटका बसेल इतका गरम लागला तर सॉकेट ढिलं आहे.

अर्थिंगबद्दल इथे थोडं थांबायला हवं. जुन्या घरांत तिसऱ्या पिनेला वायरच नसते, किंवा असते पण कुठेच पोचलेली नसते. काही जण तिसरी पिन न्यूट्रलला जोडून ‘झालं अर्थिंग’ म्हणतात. हे फार घातक आहे: न्यूट्रल कुठे तुटली तर मशीनच्या पत्र्यात वीज येते. खरी अर्थिंग म्हणजे जमिनीत पुरलेला इलेक्ट्रोड. आपल्या काळ्या मातीत तो पावसाळ्यात उत्तम काम करतो, पण उन्हाळ्यात माती सुकून भेगाळते, इलेक्ट्रोडपासून सुटते आणि अर्थिंग नावापुरती राहते. उन्हाळ्यात खड्ड्यात अधूनमधून पाणी घालावं लागतं. फरशी पुसलेलं पाणीही चालतं. शिवाय ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवून घ्या. वीज पत्र्यातून किंवा माणसातून गळायला लागली की ती पुरवठा तोडते. तिच्यावरचं ‘टी’ लिहिलेलं बटण महिन्यातून एकदा दाबायचं. ती पडली पाहिजे.

आणि एक शब्द ऐकला की सावध व्हा: ‘डायरेक्ट’. ड्रायरमध्ये थर्मोस्टॅट आणि थर्मल फ्यूज असतो. तापमान हद्दीबाहेर गेलं की फ्यूज उडतो आणि मशीन बंद पडतं. दुरुस्तीवाला म्हणतो, ‘काका, पार्ट यायला आठ दिवस लागतील, तोवर डायरेक्ट करून देतो.’ म्हणजे फ्यूजच्या जागी वायरचा तुकडा. मशीन लगेच सुरू होतं. पण फ्यूज का उडाला हा प्रश्न तसाच राहतो, आणि पुढच्या वेळी थांबवायला मध्ये कुणीच नसतं. आठ दिवस थांबा.

८. पाणी मोजून वापरणाऱ्या गावात

धुणं आणि वाळवणं एकाच ड्रममध्ये करणारी वॉशर-ड्रायर मशीनं जागा वाचवतात म्हणून आवडतात. घेण्याआधी दुकानदाराला एक प्रश्न विचारा: वाळवताना हे मशीन पाणी घेतं का? यातली बरीच मशीनं वाफ थंड करण्यासाठी नळाचं गार पाणी आत सोडतात आणि ते सरळ नाल्यात जातं. कपडे वाळवायला पाणी खर्च करायचं, हे ज्या गावात नळ रोज येत नाही तिथे परवडणारं नाही. शिवाय अशा मशीनमध्ये वाळवण्याची क्षमता धुण्याच्या क्षमतेपेक्षा बरीच कमी असते, त्यामुळे धुतलेले सगळे कपडे एका दमात वाळत नाहीत.

कंडेन्सर आणि हीट पंप ड्रायर उलट पाणी देतात. वरच्या उदाहरणातले दोन-सव्वादोन लिटर टाकीत जमतात. ते झाडांना, फरशीला, संडासात वापरा. पिऊ नका. इन्व्हर्टरच्या बॅटरीतही घालू नका. दिसायला स्वच्छ असलं तरी त्यात तंतू आणि साबणाचे अंश असतात.

बोअरच्या जड पाण्याचा एक परिणाम लवकर लक्षात येत नाही. ‘कपडे वाळले’ हे मशीन ओळखतं ते ड्रममधल्या धातूच्या दोन पट्ट्यांवरून. ओला कपडा दोन्हींना टेकला की त्यातून सूक्ष्म वीज वाहते, कोरडा टेकला तर नाही. जड पाण्याचा आणि कंडिशनरचा थर पट्ट्यांवर बसला की मशीनला ओला कपडाही कोरडा वाटतो आणि ते लवकर थांबतं. मेकॅनिक बोलावण्याआधी व्हिनेगरमध्ये किंचित भिजवलेल्या फडक्याने पट्ट्या पुसून बघा.

९. आठ-नऊ महिने पडून राहिलेलं मशीन

परदेशी पुस्तिका ड्रायर वर्षभर चालतो असं गृहीत धरतात. आपल्याकडे तो दसऱ्याला झाकला जातो आणि मृग लागला की आठवतो. मधल्या काळात त्याच्यात बाकीचे राहायला येतात. कुंभारमाशी बाहेरच्या नळीच्या तोंडाशी मातीचं घर बांधते, पाली आत शिरतात, उंदीर वायरी कुरतडतात.

म्हणून हंगाम संपताना प्लग काढून ठेवायचा, टाकी रिकामी करून वाळवायची, जाळी धुवायची आणि नळीच्या तोंडाला बारीक तारेची जाळी बांधायची. हंगाम सुरू होताना ती तारेची जाळी आठवणीने काढायची, नाही तर तंतू तिच्यातच अडकून वाट बंद होते. मशीन भिंतीपासून ओढून मागची धूळ काढा, वायर पूर्ण लांबीभर डोळ्यांखालून घाला, नळी सोडवून आरपार उजेड दिसतो का पाहा. ड्रममध्ये हात फिरवा. घरात मांजर किंवा लहान मूल असेल तर ही सवय प्रत्येक वेळेची, कारण उबदार अंधारी जागा दोघांनाही आवडते. वापर नसताना दार लावलेलं आणि चाइल्ड लॉक चालू.

पहिला भार अर्धा आणि जुन्या टॉवेलांचा असावा. करपट वास येतोय का, बॉडी जास्त तापतेय का, गेल्या वर्षापेक्षा वेळ जास्त लागतोय का, बाहेरच्या तोंडातून हवा जोरात येतेय का, हे बघत तेवढा वेळ तिथेच थांबायचं. धूर दिसला तर दार उघडू नका, उघडल्यावर आत हवा शिरते आणि धुमसणारं भडकतं. मुख्य एमसीबी पाडा, माणसं बाहेर काढा, १०१ किंवा ११२ ला फोन करा. वीज तोडल्याची खात्री झाल्याशिवाय पाणी मारायचं नाही. आणि रात्री लावून झोपायची किंवा ड्रायर फिरत असताना बाजारात जायची सवय पहिल्या दिवसापासून लावून घेऊ नका.